हसतील त्याचे दात दिसतील

मराठी भाषेनं दातांचा जितका उपयोग करून घेतला आहे, तितका दंतवैद्यांनाही जमलेला नाही. आपण चिडलो की दात-ओठ खातो, शरण गेलो की दाती तृण धरतो, घाबरलो की आपली दातखिळी बसते. मुलांना उपदेश करून करून आपल्या दातांच्या कण्या होतात, आणि कुणी फारच शहाणपणा केला तर त्याचे दात त्याच्याच घशात घालतो. पण एवढ्या वाक्प्रचारांत दात सरळ असावेत अशी अट कुठंही नाही. वाकड्या दातांनीसुद्धा ओठ खाता येतात. उलट पुढं आलेल्या दातांनी जरा जास्तच सोयीनं खाता येतात.

आमच्या लहानपणी दाताच्या दोनच अवस्था असत : आहे किंवा पडला. दुधाचा दात पडला की तो घराच्या कौलांवर भिरकवायचा किंवा उंदराच्या बिळात टाकायचा आणि उंदराकडं त्याच्यासारखे दात मागायचे, एवढंच तेव्हाचं दंतवैद्यक. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतच असतात आणि कुरतडून कुरतडून ते झिजवले नाहीत तर बिचाऱ्याला खाणं मुश्कील होतं, ही माहिती तेव्हा आम्हांला कुणी दिली नव्हती. दिली असती तर एवढ्या मोकळेपणानं मागणी केली नसती. आमच्या घराण्यात तर उंदरानं ही मागणी पिढ्यान्‌पिढ्या फार मनावर घेतलेली दिसते. बैठकीत लावलेल्या फोटोंत पणजोबा, आजोबा, वडील असे तीन पिढ्यांचे पुरुष आहेत आणि तिघांनाही भरघोस मिशा आहेत. त्या मिशा मर्दानगीच्या नसून पडद्याच्या आहेत, हे घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नाही. पुढं आलेल्या दातांवर यवतमाळ जिल्ह्यात उपलब्ध असलेला पहिला इलाज म्हणजे मिशी. बायकांना तीही सोय नव्हती. त्यांनी पदर वापरला, आणि पदर गेल्यावर हात.

आमच्या नातीनं हात वापरला.

नात अकरा वर्षांची. तिचं हसणं पूर्वी गल्लीच्या टोकाशी ऐकू जायचं. गेल्या वर्षी ते हळूहळू कमी झालं. हसू आलं की उजवा हात तोंडावर जायचा आणि हाताच्या आत जे काय हसायचं ते हसून घ्यायची. तिच्या आजीला हे फार आवडलं. ‘‘पोरीला वळण लागलं हो,’’ ती शेजारणींना सांगायची, ‘‘आता कशी तोंडावर हात ठेवून हसते!’’ मग शाळेचा वर्गाचा फोटो आला. त्यात चाळीस मुलं दात काढून हसत होती आणि एक मुलगी ओठ गच्च मिटून, वर्गात पाहुण्यांनी काहीतरी अवघड प्रश्न विचारावा तशा चेहऱ्यानं उभी होती. सुनेनं तो फोटो फार वेळ हातात धरला. रात्री तिनं मुलीला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की वर्गात तिला ‘खारूताई’ म्हणतात.

आजीनं लगेच पोतडीतली म्हण काढली. ‘‘त्यात काय मनाला लावून घ्यायचं? हसतील त्याचे दात दिसतील!’’

नात म्हणाली, ‘‘आजी, त्यांचे सरळ आहेत गं. त्यांना दिसले तर काय होतंय?’’

ही म्हण आमच्या घरात चार पिढ्या बिनतक्रार चालली होती. त्या रात्री ती निवृत्त झाली.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. दात हा असा विषय आहे की ज्यांच्या तोंडात तो उरलेला नाही त्यांनाच त्यातलं अधिक कळतं. शेजारचे वकीलसाहेब म्हणाले, रोज सकाळी अंगठ्यानं दात आत दाबावेत. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, लहानपणी अंगठा चोखल्यामुळंच दात पुढं येतात. म्हणजे बाहेर काढतो तोही अंगठा आणि आत ढकलतो तोही अंगठा! (चोखण्याबद्दलचं त्यांचं म्हणणं मात्र खरं आहे, कायमचे दात येऊ लागल्यावरही ती सवय राहिली तर वरचे दात पुढं झुकतात.) एक दूरचे आतेभाऊ म्हणाले, ‘‘गणपतीला तर एकच दात. त्याचं काय अडलं?’’ आमच्या कळंबला चिंतामणीचं देऊळ असल्यामुळं या मुद्द्याला जिल्ह्यात फार वजन आहे. पण गणपतीला वर्गाच्या फोटोत उभं राहावं लागत नाही, हे सुनेनं त्यांच्या लक्षात आणून दिलं.

गावातल्या दंतवैद्यांनी आधी एक धीराची गोष्ट सांगितली. सात ते अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या वरच्या पुढच्या दातांत फट असते, दात तिरपे दिसतात, आईबाप घाबरतात. पण सुळे खाली उतरले की ते शेजारच्या दातांना रेटतात आणि फट बहुधा आपोआप मिटते. दंतवैद्यकाच्या पुस्तकांत या वयाला चक्क ‘कुरूप पिल्लाची अवस्था’ असं नाव आहे. हे ऐकून मला बरं वाटलं. १९७३ साली आमच्या यवतमाळला साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आलेल्या ग. दि. माडगूळकरांनी हेच बदकाचं पिल्लू महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचवलं; त्याला दंतवैद्यकातही जागा मिळाली आहे, याची संमेलनात कुणी वाच्यता केल्याचं मला आठवत नाही. ‘‘पण,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘फट मिटेल. पुढं आलेले दात मात्र आपोआप आत जाणार नाहीत. तुम्ही दात सरळ करणाऱ्या खास डॉक्टरांना दाखवा.’’

या खास डॉक्टरांना पुस्तकी नाव फार मोठं आहे. लोक त्यांना ‘तारवाले डॉक्टर’ म्हणतात. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे आणि वर्ध्याजवळ सावंगीला आहे. सावंगी जवळचं, साधारण सत्तर किलोमीटर. आणि घरात पेन्शनर माणूस म्हणजे बिनपगारी शिपाई, त्यामुळं नातीबरोबर जाण्याची नेमणूक माझी झाली. एस.टी.त मला ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट, नातीलाही अर्धंच. आम्ही दोघं मिळून एक पूर्ण प्रवासी होऊन कळंब-देवळी मार्गे निघालो.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पट्टी लावून मोजलं. वरचे दात खालच्या दातांच्या पुढं नऊ मिलिमीटर. दोन-तीन मिलिमीटर असावेत, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, ‘‘आमच्याकडं वरचे दात पुढंच असतात.’’

‘‘नाही आजोबा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हिचे वरचे दात फारसे पुढं नाहीत. खालचा जबडा मागं राहिलाय.’’

मी थक्क झालो. चार पिढ्या आम्ही स्वतःला पुढारलेले समजत होतो आणि प्रत्यक्षात होतो मागासलेले! १९८४ साली दांडेकर समितीनं विदर्भाचा अनुशेष मोजून दिला. रस्ते मोजले, विहिरी मोजल्या, शाळा मोजल्या. पण आमच्या खालच्या जबड्याचा नऊ मिलिमीटरचा अनुशेष त्यांच्याही नजरेतून सुटला.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं, ‘क्लास दोन’. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल नावाच्या दंतवैद्यानं १८९९ साली जगातल्या सगळ्या चुकीच्या चाव्यांची तीन वर्गांत विभागणी करून टाकली. दाढा जागेवर पण दात वेडेवाकडे तो पहिला वर्ग, खालचा जबडा मागं तो दुसरा, खालचा पुढं तो तिसरा. आमच्या रेल्वेनं थर्ड क्लास १९७४ साली बंद केला, पण तोंडात तो अजून चालू आहे. आपण सेकंड क्लासात आहोत हे ऐकून नातीला मात्र वाईट वाटलं. शाळेत ती नेहमी फर्स्ट क्लासात असते.

यावरचा इलाज म्हणजे दोन पाट्या, एक वरच्या दातांना, एक खालच्या. दोन्हींवर उतार केलेले ठोकळे असतात. तोंड मिटायला गेलं की खालचा ठोकळा वरच्याच्या उतारावरून सरकून पुढं जाऊन बसतो, आणि त्याबरोबर जबड्यालाही पुढं यावंच लागतं. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली ही जोडपाटी काढली. मुलांच्या वाढीच्या वयात ती दिवसरात्र घातली की आठ-दहा महिन्यांत खालचे दात वरच्यांना येऊन भेटतात. यात जबडा खरोखर किती वाढतो आणि नुसते दात किती सरकतात, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. वाद तज्ज्ञांनी घालावा. आमचं काम मिलिमीटर मोजण्याचं.

या पाट्यांच्या कुळाची हकीकत मला फार आवडली. अँड्रेसन नावाचे एक डॅनिश दंतवैद्य होते. विसावं शतक नुकतंच लागलं होतं. त्यांच्या मुलीच्या दातांना तारा होत्या आणि ती उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेरगावी निघाली. तारा काढून त्यांनी तिला रात्री घालायला एक सैलसर पाटी करून दिली, तेवढ्यापुरती. सुट्टी संपवून मुलगी परत आली तर चावा सुधारलेला! त्या पाटीतून पुढं हे सगळं शास्त्र वाढलं. सुट्टीत मामाच्या गावाला जाऊन मुलगी सुधारून परत आल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

मग साचा घेणं झालं. मळलेल्या कणकेसारखा एक गुलाबी गोळा पत्र्याच्या ताटलीत घालून तोंडात दाबतात आणि ‘नाकानं श्वास घे’ म्हणतात. त्या क्षणी जगातल्या प्रत्येक माणसाला आपलं नाक बंद असल्याचा साक्षात्कार होतो. पाटीचा रंग निवडायची मुभा होती. नातीनं पोपटी निवडला. मी खर्चाचा आकडा विचारला. तो ऐकून माझा खालचा जबडा आपोआप खाली आला. पुढं मात्र आला नाही.

पाटी बसली आणि पहिले आठ दिवस घरात नवीनच बोलीभाषा सुरू झाली. जीभ ठोकळ्यांना अडखळायची, ‘स’चा ‘थ’ व्हायचा, तोंडात लाळ साचायची. सकाळी ती ‘‘आजी, थाबुदाण्याची उथळ कर,’’ म्हणाली आणि आजीनं उपासाच्या दिवशी काहीतरी उथळ पदार्थ कसा करायचा याचा बराच वेळ विचार केला. डॉक्टरीणबाईंनी मोठ्यांदा वाचायला सांगितलं होतं. नात रोज संध्याकाळी मला वर्तमानपत्र वाचून दाखवू लागली. ‘थरकार थंवेदनथील आहे’ असं तिनं वाचलं की बातमी जशीच्या तशी असूनही अधिक खरी वाटायची. दहाव्या दिवशी ‘स’ परत आला. मला थोडी हुरहूर लागली.

खाण्यावर बंदी आली. ऊस नाही, फुटाणे नाहीत, हुरडासुद्धा बेतानं. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ म्हणतात. आमच्याकडं दातही होते, चणेही होते, आणि मध्ये वर्ध्याच्या डॉक्टरीणबाई होत्या.

आणि दर रविवारी चावी! वरच्या पाटीच्या मधोमध एक बारीक स्क्रू होता. आठवड्यातून एकदा त्याला पाव वळसा द्यायचा. एका पाव वळशाला पाटी पाव मिलिमीटर रुंद होते आणि वरचे दात तेवढे फाकून पुढं येणाऱ्या खालच्या दातांना जागा करून देतात. आमच्या घरी पूर्वी भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाला दर रविवारी चावी द्यायचं काम माझ्याकडं होतं. घड्याळ गेलं, रविवार राहिला, चावी परत आली. नात पाटी काढून माझ्या हातात द्यायची, मी चष्मा लावून बाणाच्या दिशेनं पाव वळसा द्यायचो, आणि आजी कॅलेंडरवर रेघ ओढायची. यवतमाळ-मूर्तिजापूरची आमची लाडकी शकुंतला शेवटपर्यंत नॅरोगेजवरच राहिली आणि तशीच बंद पडली. वर्ध्याहून ब्रॉडगेज निघाली ती २०२४ साली कळंबपर्यंत पोचली. आमच्या घरातलं गेज रूपांतर मात्र एका पावसाळ्यात पार पडलं.

एकदाच मोठा प्रसंग आला. दारव्ह्याकडं लग्न होतं. पंगतीत जिलब्या आल्या. नातीनं हळूच पाट्या काढून कागदी रुमालात गुंडाळल्या, ताटाच्या कडेला ठेवल्या, आणि वाढप्यानं तत्परतेनं ताट, रुमाल, पाट्या सगळं उचलून नेलं. मांडवामागं उष्ट्या पत्रावळींचा ढीग होता. मी बाह्या सरसावून बसलो. कामावरचा एक पोरगा जवळ आला.

‘‘काय हरपलं जी आबाजी? सोन्याचं व्हय काय?’’

‘‘नाही रे. जबडा हरवलाय.’’

त्यानं माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं. ‘‘जाग्यावरच तं हाय,’’ तो म्हणाला. मग तोही शोधायला बसला, आणखी दोघं आले, आणि अर्ध्या तासानं वांग्याच्या भाजीतून पोपटी रंगाचं दर्शन झालं. डॉक्टरीणबाई भडक रंग का निवडू देतात, हे मला तेव्हा कळलं. ‘‘असा हिरवा जबडा म्या पयल्यांदाच पाह्यला,’’ पोरगा म्हणाला. नात खदखदून हसली. पाट्या त्याच्या हातात असल्यामुळं तिचे दात जसे होते तसे सगळ्यांना दिसले. तिचा हात वर आला नाही. ते दात तेव्हा अजून पाच मिलिमीटर पुढं होते. मी मोजत असे.

सावंगीच्या बाकड्यावर मात्र एक वेगळी ओळख झाली. पांढरकवड्याकडचे एक कास्तकार आपल्या मुलीला घेऊन आले होते. मुलगी नातीच्याच वयाची. दात मोत्यांच्या सरीसारखे एका ओळीत, अँगलसाहेबांना तीनही वर्गांत जागा मिळू नये असे. पण प्रत्येक दातावर तपकिरी पट्टे.

‘‘दात तं सरके हायेत जी,’’ कास्तकार म्हणाले, ‘‘पन रंग पाहा नं. आमच्याकडच्या साऱ्या लेकरायचे असेच. बोअरचं पानी हाय.’’

आमच्या जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांच्या जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. एका लिटरमागं एक मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त असलेलं पाणी लहान मूल पीत राहिलं की हिरडीच्या आत तयार होत असलेल्या कायमच्या दातांच्या वरच्या कवचातच खोट राहते. दात बाहेर येतो तोच डाग घेऊन. मग किती घासा, काय लावा, निघत नाही. आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर पुढं हाडं आणि सांधेही धरतात. सरळ दातांना मिळालेली ही शिक्षा मी आधी पाहिलेली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी मुलीला तपासून सांगितलं, की डाग फिके करता येतील, मोठी झाल्यावर दातावर थरही बसवता येईल. मग त्यांनी विचारलं, ‘‘घरी आणखी लहान कुणी आहे?’’

‘‘पोट्टं हाय एक. तीन वर्साचं.’’

‘‘त्याचे कायमचे दात अजून आत तयार होताहेत. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत त्याचं पिण्याचं पाणी बदला. हिचं मी नंतरही करीन, त्याचं आत्ताच होईल.’’

कास्तकार बराच वेळ गप्प बसले. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला दोन्ही मुलींचं चाललं होतं. त्या मुलीला पोपटी पाट्या पाहायच्या होत्या. नातीनं त्या काढून दाखवल्या, चावीचं भोक दाखवलं. ‘‘तुझे दात किती सरळ गं!’’ नात म्हणाली. ‘‘तुहे किती पांढरे!’’ ती म्हणाली. मग दोघींना एकदम हसू आलं आणि दोघींचे हात एकदम तोंडावर गेले. त्या हाताआडून त्यांनी एकमेकींकडं पाहिलं, आणि त्यामुळं आणखी हसू आलं. हे लग्नाच्या पंगतीच्या दोन महिने आधीचं.

पुढच्या एका खेपेला कास्तकार पुन्हा भेटले. गावाबाहेरच्या एका जुन्या विहिरीचं पाणी त्यांनी तपासून आणलं होतं. ते चांगलं निघालं. रोज सकाळी सायकलला दोन डबक्या लावून ते पाणी आणतात. ‘‘सारं गाव हसते मले,’’ ते म्हणाले, ‘‘घरी बोअर असून पानी वाहतो म्हनते. हसू द्या नं. पोट्ट्याचे दात आले का दाखवीन त्यायले.’’

नातीचे नऊ मिलिमीटर आता तीनवर आले आहेत. पाट्या गेल्या आणि प्रत्येक दातावर एकेक चकती चिकटवून त्यातून तार ओवली आहे. तारेचा दाब पडतो त्या बाजूचं हाड विरघळतं, उलट बाजूला नवं भरतं, आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर या गतीनं घर बदलतो. सरकारी फाइल याहून हळू चालते म्हणून मला ही गती समाधानकारक वाटते. त्यानंतरही सरळ झालेले दात जुन्या जागेकडं परत सरकू पाहतात, म्हणून रात्री घालायला आणखी एक पाटी मिळणार आहे.

यंदाचा वर्गाचा फोटो गेल्या आठवड्यात आला. त्यात आमची नात ओळखायला सोपी आहे : दुसऱ्या ओळीत जिच्या तोंडात उन्हानं तार चमकते आहे ती. वर्गातल्या आणखी दोघींनी आपल्यालाही तार हवी म्हणून घरी हट्ट धरल्याचं कळतं. पैकी एकीचे दात अगदी सरळ आहेत.

सध्या खरी काळजी तिच्या आजीची आहे. जुनी कवळी सैल झाल्यामुळं नवी करायची आहे आणि परवा तिनं मला एकीकडं बोलावून हळूच विचारलं, ‘‘अहो, कवळीची हिरडी पोपटी करून देतात का हो?’’